मी अरबी का शिकले

(नाशिक येथे महिला संघटनांच्या कार्यकर्ती शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'मुस्लिम स्त्रिया आणि कायदा' असा विषय दिला होता. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं बोलतील अशा वकील मैत्रिणी इथेच बसल्या आहेत. म्हणून मी परवानगी घेऊन विषय थोडा सरकवला. मी विद्यापीठात दोन वर्षं अरबी भाषा शिकले, त्याबद्दल बोलणार आहे. मागे कुणीतरी हसलं ते ऐकू आलं मला. हरकत नाही. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या, कुटुंब सल्ला केंद्रात बसणाऱ्या बाईने अरबी कशाला शिकायची, हे मला माझ्या अम्मीपासून आमच्या संस्थेच्या विश्वस्तांपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. अम्मीला वाटलं, मी दुबईला नोकरीला चालले. विश्वस्तांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही.

माझं लहानपण जुन्या नाशकात गेलं. घरात दखनी, दारात मराठी, शाळाही मराठी. संध्याकाळी गल्लीतल्या आपाकडे कुराण शिकायला जायचं. आधी 'कायदा', म्हणजे अक्षरओळखीचं पातळसं पुस्तक, मग एकेक पारा करत पूर्ण कुराण. याला नाजरा म्हणतात, नुसतं बघून वाचणं. नवव्या वर्षी माझं कुराण पूर्ण झालं, घरात मिठाई वाटली, मला नवे कपडे आले. एकाही वाक्याचा अर्थ मला माहीत नव्हता, आणि तो माहीत असायला हवा असं कुणाला वाटतही नव्हतं. तुमच्यातल्या ज्यांनी दिवेलागणीला रामरक्षा पाठ म्हटली असेल त्यांना याचं नवल वाटणार नाही. मुलीने उच्चार चोख करावेत, अर्थाचं मोठे बघून घेतील. मोठे म्हणजे कोण, हे या शिबिरात सांगायला नको.

अर्थ न कळता नुसती अक्षरं ओळखता आली की काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाहोरच्या इछरा बाजारात एक बाई नवऱ्याबरोबर एका हॉटेलात जेवायला आली होती. तिच्या कुर्त्यावर अरबी अक्षरं छापलेली होती. कुणीतरी ओरडलं की या कुराणाच्या आयती आहेत, ही विटंबना आहे. बघता बघता जमाव जमला. एका महिला पोलीस अधिकाऱ्याने तिला त्या गर्दीतून अक्षरशः कवेत घेऊन बाहेर काढलं, म्हणून ती वाचली. कुर्त्यावर शब्द होता 'हुल्वा'. म्हणजे गोड, सुंदर. आपल्या संक्रांतीच्या हलव्याचं मूळ तेच. त्या जमावातल्या बहुतेकांनी माझ्यासारखा नाजरा केलेला असणार. अक्षरं सगळ्यांना ओळखू आली, शब्द एकालाही वाचता आला नाही. आणि शेवटी माफी मागितली ती त्या बाईने!

आपल्याकडे तऱ्हा वेगळी. मी लोकलमध्ये अरबीची वही उघडून बसले की शेजारची बाई पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. त्या वहीत असायचं काय, तर 'हे घर आहे, ही खिडकी आहे, खिडकी उघडी आहे.' व्ही. अब्दुर रहीम नावाच्या तमिळनाडूकडच्या गृहस्थांनी मदीनेच्या विद्यापीठात शिकवताना परदेशी विद्यार्थ्यांसाठी जी पुस्तकं लिहिली, त्यातले ते धडे. जगभर चालतात ती पुस्तकं.

मुंबईत एम.एस.डब्ल्यू. करतानाच मी अरबीच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं, पुढे डिप्लोमा केला. वर्गात मदरशातून आलेली मुलं बरीच होती. काहींना आखातात नोकरी हवी होती, काहींना मुंबईच्या इस्पितळांत ओमान-येमेनकडून येणाऱ्या पेशंटांसाठी दुभाषाचं काम. बायका आम्ही सहा जणी. पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी म्हटलं, "निकाहनामे वाचायला आलेय." सगळे हसले. सर हसले नाहीत.

भाषा कशी आहे ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. ह-क-म घ्या. त्यातून हुकूम, हाकिम, हकीम, हुकूमत. सगळे आपल्या ओळखीचे. शब्दकोशात शब्द शोधायचा तर आधी त्याचा धातू ओळखावा लागतो, नाहीतर शब्द सापडतच नाही. पहिले तीन महिने मी शब्दकोशात नुसती वाट चुकत होते. मग एक दिवस लक्षात आलं की मी रोज केंद्रात जे बोलते त्यातलं निम्मं याच कोशातलं आहे. हक्क, अर्ज, वकील, तारीख, हजर, जामीन, दाखला, वसूल. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तरी कोर्टातून आणि तहसील कचेरीतून हे शब्द काही गेले नाहीत. माझ्या लहानपणीचा 'कायदा' आणि कोर्टातला कायदा हा एकच शब्द, अर्थ पाया, बैठक. आणि 'तक्रार'? अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणं. पोलीस ठाण्यात एकच गोष्ट आठ वेळा सांगणाऱ्या बाईला या शब्दाचं मूळ समजावून सांगावं लागत नाही. 'औरत' शब्दाचं मूळही तिथलंच: 'औरा', झाकून ठेवायचा शरीराचा भाग. गंमत म्हणजे अरबीत बाईला असं म्हणत नाहीत, तिथे इम्रआ म्हणतात, अनेकवचनी निसा. हा शोध इकडच्यांचा.

व्याकरणातही आपलं राजकारण आहे. अरबीत 'तू' म्हणताना बाईला वेगळं, पुरुषाला वेगळं. 'मी' मात्र एकच, तिथे येतो-येते नाही. पण शंभर बायकांत एक पुरुष आला की सगळं अनेकवचन पुल्लिंगी होतं. आपल्या मराठीत स्त्री-पुरुष मिसळले तर 'सगळी आली' म्हणतो, नपुंसकलिंगात. आपली आजी अधिक न्यायी होती म्हणायची.

आता निकाहनाम्याकडे येते.

मेहर म्हणजे निकाहच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायचं ठरलेलं धन. ते बायकोचं, तिच्या बापाचं नाही. कुराणात याबद्दल जिथे सांगितलंय तिथे मेहर हा शब्दच नाही. तिथे 'स-द-क' धातूचा, सच्चेपणाशी नातं सांगणारा शब्द आहे, आणि त्याला जोडलेलं सर्वनाम स्त्रीलिंगी अनेकवचनी आहे. म्हणजे ते कुणाचं, याबद्दल व्याकरणात शंकेला जागाच नाही. मेहर दोन प्रकारचं असतं. एक ताबडतोब देय, बायको मागेल त्या क्षणी. दुसरं मुदतीचं, तलाक झाला किंवा नवरा वारला की द्यायचं. पहिल्याला म्हणतात मुअज्जल. दुसऱ्याला म्हणतात... मुअज्जल.

थांबा, हसू नका, हेच तर सांगायचंय. अरबीत हे दोन अगदी वेगळे शब्द आहेत. ताबडतोबीचा जो आहे त्यात 'ऐन' हे अक्षर आहे, घशातून काढायचं. त्याचा धातू घाईचा. मुदतीचा जो आहे त्यात ऐन नाही, हम्जा आहे, वावच्या डोक्यावर बसलेला. त्याचा धातू मुदतीचा. आपल्या जिभेला ऐन जमत नाही, उर्दूतही तो उच्चारात गळून गेला. जाणकार लोक दुसऱ्याला मुवज्जल म्हणतात म्हणजे फरक कळेल. पण भर मांडवात, घाईत, कोण म्हणतंय! देवनागरीत लिहिलं की दोन्हींचं सहसा एकच होऊन बसतं. आता विचार करा. त्या एका अक्षरावर ठरतं की बाईला तिचे पैसे आज मागता येतील की नवरा सोडेपर्यंत थांबायचं.

आमच्या केंद्रात एक बाई आली. नाव सांगत नाही, गावही नाही. नवऱ्याने घरातून काढलं होतं, तलाक दिला नव्हता. मेहर एक्कावन्न हजार. तिच्या कागदांत निकाहनाम्याचं टंकलिखित मराठी भाषांतर होतं, त्यात लिहिलेलं, 'मेहर मुअज्जल'. समोरच्या बाजूचं म्हणणं, हे मुदतीचं आहे, तलाक झालेला नाही, सबब देणं लागत नाही. मी तिला म्हटलं, मूळ कागद आण. तो तिच्या भावाकडे होता, दोन आठवड्यांनी आला. घडीवर फाटलेला, शाई उडालेली. पण ऐन स्पष्ट होता. तोंडाशी गोल, मध्ये जोडलेला, शंका नको इतका स्पष्ट. त्या भाषांतराखाली सही-शिक्का सगळं होतं. करणाऱ्याची लबाडी असेल असं मला वाटत नाही. त्याने कानाला जे ऐकू येतं ते लिहिलं. तरी त्यापायी तारखांवर तारखा पडल्या, नवं भाषांतर मागवावं लागलं, आणि त्याचा खर्च बाईच्याच माथी आला. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे निकाहनामे मागून बघते. छापील नमुन्यात बरेचदा दोन्ही शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात, एक खोडायचा असतो. कितीतरी कागदांवर एकही खोडलेला नसतो. असं मोघम राहिलं की न्यायालय रिवाज काय आहे, घराणं काय आहे, हे बघत बसतं. निकाहात मुलीच्या बाजूने जो माणूस दोन साक्षीदारांबरोबर आत येऊन तिची संमती विचारतो, त्याला वकील म्हणतात. मुस्लिम बाईच्या आयुष्यातला हा पहिला वकील. दुसरा काळ्या कोटातला. पहिल्याने तो शब्द खोडून घेतला असता तर दुसऱ्याची फी वाचली असती! आणि आणखी एक. नवरा वारला की मय्यत उचलायच्या आधी बायकोला म्हणतात, मेहर माफ कर, म्हणजे त्याची सुटका होईल. त्या वेळी कोण बाई नाही म्हणेल? शरियतीप्रमाणे मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे, वारसांत वाटणी करण्याआधी फेडायचं. हे तिला कुणी सांगत नाही.

तलाकचंही तसंच. त्याविषयीच्या आयतीत 'मर्रतान' असा शब्द आहे. संस्कृत शिकलेल्यांना चटकन कळेल, अरबीतही द्विवचन असतं. मर्रतान म्हणजे दोन वेळा, दोन निरनिराळ्या प्रसंगी. आता मी इथे उभी राहून 'तुम्हाला शंभर नमस्कार' म्हटलं, तर नमस्कार शंभर होत नाहीत, एकच होतो. एका दमात तीनदा तलाक म्हटल्याने तीन तलाक होत नाहीत, या म्हणण्याच्या मागे हा साधा व्याकरणाचा मुद्दाही आहे. दमास्कसचे इब्न तैमिया १३२८ साली वारले, त्यांनी हे मत मांडलेलं होतं. इजिप्तने १९२९ साली तसा कायदा केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला, तीन विरुद्ध दोन मतांनी, तत्काळ तिहेरी तलाक रद्द ठरवला. त्या निकालात आयती आहेत त्या अब्दुल्ला युसुफ अलींच्या इंग्रजी भाषांतरातून. म्हणजे अरबीतून इंग्रजी, इंग्रजीतून वकिलाचं हिंदी, आणि मग टीव्हीवरून वडाळ्यातल्या बाईपर्यंत. मधल्या एकाही पायरीवर ती नाही.

२०१९ च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आता आमच्याकडे काय येतं? नवरा तलाक म्हणतच नाही. नुसता निघून जातो, नाहीतर तिला माहेरी पोहोचवून फोन उचलत नाही. आपल्या चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रात ऐरणीवर आणला, त्याच ह्या बाया. अरबीत त्यांच्यासाठी शब्द आहे 'मुअल्लका', टांगून ठेवलेली. कुराणात हा शब्द येतो तो बायकोला असं लटकत ठेवू नका, हे बजावताना. हा शब्द मी पहिल्यांदा एका बैठकीत फळ्यावर लिहिला, धातू फोडून दाखवला, तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आमचं नाव आधीपासून लिहिलेलं होतं की." मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

हे सगळं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करून रानात जाऊन राहावं लागलं. त्यांची मुलगी रमाबाई कलकत्त्याच्या पंडितांपुढे उभी राहिली, १८७८ साली 'सरस्वती' झाली, आणि १८८७ साली तिने उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची कहाणी इंग्रजीत लिहिली तेव्हा धर्मग्रंथात बायकांबद्दल काय लिहिलंय हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. पुढे ती ख्रिस्ती झाली, तिथेही दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबली नाही. केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल केलं. तिथल्या छापखान्यात काम करायच्या त्याही बायकाच. १९२२ साली ती गेली, सगळं बायबल १९२४ साली बाहेर आलं. हिब्रू ही अरबीची सख्खी बहीण, धातूंची तीच पद्धत. मला अरबीचे धडे अवघड गेले की मी रमाबाईंची आठवण काढायची. आणि बाबासाहेब! शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. एखादी भाषा कुणी शिकायची आणि कुणी नाही हे ठरवणारे लोक काही उगीच ठरवत नाहीत.

आता तुमचे आक्षेप. चहाच्या वेळी एकीने मला विचारलंच, की संविधान असताना पुन्हा धर्मग्रंथात कशाला शिरायचं? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तो समान हक्क मागायला, आयती समजावून घ्यायला नव्हे. मला तो मोर्चा आदराचा वाटतो, आणि कोर्टात मी संविधानावरच उभी राहते. पण बाईचं आयुष्य कोर्टात जात नाही. ते मोहल्ल्यात, नणंदेसमोर, मौलवींसमोर जातं. तिथे कुणीतरी अरबीत एक वाक्य म्हणतं आणि तिचं तोंड बंद होतं. ते वाक्य काय आहे आणि त्याचा अर्थ खरंच तो आहे का, एवढं विचारता आलं तरी खोलीतली हवा बदलते. मी पाहिलंय हे.

तरी भाषेचा गवगवा नको. ज्यांची मातृभाषाच अरबी त्या बायका सगळ्या सुखात आहेत असं थोडंच आहे! मोरोक्कोत कुटुंब कायदा २००४ साली बदलला तो बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या तेव्हा. पण त्यांच्यात फातिमा मर्निसींसारखी बाई होती, जी हदीसची मूळ पुस्तकं उघडून विचारू शकत होती की हे वचन सांगितलं कुणी, कधी आणि कशासाठी. रस्ताही हवा आणि पुस्तकही. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत बायकांना काझीचं शिक्षण द्यायला सुरुवात केली ती याच समजुतीतून. आणि आपलेच अक्रम नदवी, जे ऑक्सफर्डला असतात, त्यांनी हदीस शिकवणाऱ्या हजारो स्त्रियांची चरित्रं गोळा केली. २०२१ साली ती ४३ खंडांत निघाली. सगळी अरबीत! म्हणजे बायका विदुषी होत्या याचा पुरावा आहे, पण ज्यांना तो हवा त्यांना वाचता येत नाही.

वाचता येणाऱ्या मुली मात्र आपल्या जिल्ह्यातच आहेत. मालेगावात मुलींचे जुने, मोठे मदरसे आहेत. तिथे आलिमाचा कोर्स करणाऱ्या मुलींचं अरबी माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं असतं. मी त्यांच्यासमोर बोलायला कचरते. अलीगढ, जामिया, हैदराबादचं मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ, इथे काही मदरशांच्या पदव्यांवर पुढे प्रवेश मिळतो. पण किती मुलींना घरचे इतक्या लांब पाठवतात? मग त्यांचं लग्न होतं, आणि ते सगळं शिक्षण पोरांना नाजरा शिकवण्यात जातं. आपल्या संघटनांनी या मुलींशी कधी बोलणं केलेलं नाही. बुरखा दिसला की आपण धरून चालतो, हिला वाचवायला हवं. तिच्याकडून आपल्याला काही शिकता येईल, हे ध्यानातच येत नाही. त्यांतल्या दोघी आता दर शनिवारी आमच्याकडे येतात. त्या अरबी बघतात, मी कायदा आणि अर्ज बघते. त्यातल्या एकीने परवा मला विचारलं, "बाजी, कलम १२५ म्हणजे काय?" मी सांगितलं की ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय, आणि पोटगीचं काय ते समजावून दिलं. मग मी तिला एक जुनी तरतूद विचारली, ती तिने मला वाचून दाखवली.

आखातात परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलींचे करारही आमच्याकडे येऊ लागलेत. दोन रकाने, एक इंग्रजी, एक अरबी. सौदीच्या श्रम कायद्याप्रमाणे दोहोंत फरक पडला तर अरबी मजकूर धरतात. सही करण्याआधी कुणीतरी तो रकाना वाचायला हवा, इतकंच सध्या सांगते. हा विषय वेगळा आहे, पुन्हा कधी.

वर्ग शनिवारी दुपारी तीन ते पाच, वडाळ्यात. कुठल्याही धर्माच्या कार्यकर्तीला यायला मोकळीक आहे, सध्या अकरा जणींत तिघी हिंदू, एक बौद्ध. सल्ला केंद्रात बसणाऱ्यांनी निदान अक्षरओळख आणि निकाहनाम्यातले वीस-पंचवीस शब्द शिकावेत, दोन महिन्यांत होतं. तुमच्याकडे आलेला निकाहनामा दाखवायचा असेल तर मूळ प्रत बाईकडेच राहू द्या, ती कुणाच्या हाती देऊ नका. झेरॉक्स आणा. फक्त झेरॉक्स स्वच्छ काढा, मेहरच्या ओळीवर घडी येऊ देऊ नका.